जनजागृती कोणाची?

पावसाळा लागला की आमच्याकडे तणासारखा एक शब्द उगवतो. जनजागृती! पत्रके वाटतात, फोटो निघतात आणि पेपरात बातमी येते की अमुक गावी फवारणीबाबत जनजागृती करण्यात आली. जागे कोण झाले, ते मात्र बातमीत नसते.

२०१७ चा हंगाम यवतमाळ जिल्हा विसरलेला नाही. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, फवारा थेट तोंडावर येणारा. विषबाधा होऊन शेकडो शेतकरी-मजूर दवाखान्यात गेले, वीसच्या आसपास माणसे दगावली. राज्यभर बोंब झाली ती सप्टेंबर संपताना, म्हणजे माणसे गेल्यावर. आणि लगोलग निदानही झाले: शेतकऱ्याने हातमोजे घातले नाहीत, पत्रक वाचले नाही. चूक मेलेल्याची!

त्या दिवाळीत माझा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. दुसऱ्याच्या वावरात रोजाने फवारणी करतो. मास्तरकीच्या सवयीने मी विचारले, "अरे, डब्यातला कागद वाचत नाहीस का?" तो म्हणाला, "गुरुजी, कागद मालकाच्या घरी राह्यते. माह्या पाठीवर भरलेला पंपच येते."

मी गप्प झालो. मग असा एक कागद मिळवला. चष्म्यावर भिंग धरून वाचला. अनेक भाषांच्या गर्दीत मराठीला बोटभर जागा, आणि ते मराठी असे की मराठीतून बी.ए. झालेल्या मला दोनदा वाचावे लागले. डब्यावर टोकावर उभा केलेला चौकोन असतो. त्यातला लाल रंग सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. हिरवा म्हणजे कमी विषारी, बिनविषारी नव्हे. पण हिरवा म्हणजे धोका नाही, हेच आपण मुलांना शिकवत आलो ना? कबूल करतो, माझ्या वर्गातली निम्मी मुले कपाशीत जाणार हे ठाऊक असूनही निवृत्त होईपर्यंत मी तो चौकोन एकदाही फळ्यावर काढला नाही.

सरकारला सांगता येत नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. १९९५ पासून पल्स पोलिओची मोहीम चालली. माणसे दारोदार गेली, बाळाच्या बोटावर शाईची खूण केली, चुकलेल्या घरी पुन्हा गेली. निरक्षर आजीलासुद्धा पोलिओचा रविवार पाठ झाला. २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. तेव्हा कोणी आईच्या हाती पत्रक देऊन 'वाचले नाहीस, तुझी चूक' असे म्हटले नव्हते.

मग फवारणाऱ्या मजुरासाठी तेवढेच का होऊ नये? सांगायचे तरी किती आहे! विष कातडीतूनही शिरते, नुसते तोंड बांधून भागत नाही. वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नका. दोन-तीन औषधे मनाने मिसळू नका. कपडे भिजले तर लगेच काढा, साबणाने अंग धुवा. गरगरले, उलटी झाली, डोळ्यांपुढे धूसर आले तर काम थांबवा आणि दवाखान्यात जाताना डब्यावरचे लेबल सोबत न्या. विष कोणते त्यावर उपचार ठरतो. एवढे आपल्या वऱ्हाडीत आठवडी बाजाराच्या भोंग्यावरून, यवतमाळच्या आकाशवाणीवरून, सकाळी मजूर जमतात त्या चौकात सांगा. आणि हंगामाच्या आधी सांगा. पेपरवाल्यांनीही पहिल्या उलटीची बातमी करावी, विसाव्या तिरडीची वाट पाहू नये.

हातमोजे आणि मास्क कोणी विकत घ्यायचे, मालकाने की मजुराने, हा प्रश्न उरतोच. तो पत्रकाने सुटणार नाही. पण आधी निदान माहिती तरी पंप वाहणाऱ्या पाठीपर्यंत पोहोचू द्या.

सगळा वर्ग नापास झाल्यावर पोरांनाच 'ढ' म्हणणारे मास्तर मी पाहिले आहेत. त्यांना शिकवता येत नव्हते, एवढाच त्याचा अर्थ होता.