सावलीला टीडीआर नसतो

मुंबई महापालिकेने २०२०च्या सुरुवातीला मियावाकी पद्धतीची घनवने लावायला घेतली. वडाळ्याच्या भक्ती पार्कजवळ तर एकाच भूखंडावर ५७ हजारांच्या घरात झाडे लागली. आकड्याने हुरळून जाण्याचे कारण नाही, कारण या पद्धतीत आकडा मोठा येणारच. जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी यांच्या रीतीत जमीन खोलवर भुसभुशीत करून शेणखत, भाताचे तूस मिसळतात आणि दर चौरस मीटरला तीन-चार स्थानिक रोपे, उंच वृक्षांपासून झुडपांपर्यंत सरमिसळ करून लावतात. उजेडासाठी रोपे चढाओढीने वाढतात. दोन-तीन वर्षे पाणी नि निंदणी सांभाळली की पुढे फार काही करावे लागत नाही. या चढाओढीत बरीच रोपे मरतात, आणि ते गृहीतच असते. म्हणून घनवनातले रोप आणि रस्त्याकडेचा जुना वृक्ष एकाच वहीत मांडणे हा हिशेबच खोटा. राज्याच्या वृक्ष कायद्यात २०२१मध्ये झालेल्या दुरुस्तीने तोडलेल्या झाडाचे वय जितके, तितकी नवी झाडे लावणे बंधनकारक केले. हेतू चांगला, पण साठ वर्षांच्या पिंपळाची भरपाई वीसेक चौरस मीटरांत दाटीने लावलेल्या साठ रोपांनी ‘झाली’ म्हणता येणार असेल, तर कुऱ्हाड स्वस्त होते. शिवाय बांधकामाचा टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, एका जागेहून दुसरीकडे नेता येतो, सावली नेता येत नाही. सांताक्रूझ पूर्वेच्या वाकोल्यात तोडून दूरच्या उपनगरात लावलेले झाड वाकोल्याच्या बसथांब्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या काय कामाचे?

आणि वाकोल्याला सावलीची, घनवनाची गरज आहे. एकीकडे द्रुतगती महामार्ग, डोक्यावर उड्डाणपूल, मध्ये दाट वस्ती, आणि मिठी नदीला जाऊन मिळणारा नाला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेने २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला. तेवढा पूर कोणतेही घनवन अडवणार नाही, तसा दावाही करू नये; पण नेहमीच्या सरींचे थोडे पाणी तरी काँक्रीटऐवजी मातीत मुरेल. शाळेचा मागचा कोपरा, सरकारी वसाहतीतला पडीक तुकडा, एवढी जागाही करंज, भेंड, ताम्हण, बकुळीला पुरते. मात्र मुलांच्या खेळाच्या मैदानाला हात लावू नये, तिथे घनवनाला विरोध करणाऱ्यांचेच बरोबर आहे.

घनवन लोकसहभागातून राखायचे म्हणजे पालिकेने अंग काढून घेणे, हा दुसरा आक्षेप. फोटोपुरते श्रमदान असेल तर तो खराच. माती, खत, नळजोडणी हा खर्च पालिकेचाच. पण पहिल्या दोन उन्हाळ्यांत पाणी चुकले, कुणी राडारोडा टाकला, हे आधी दिसते ते शेजारच्या खिडकीतून. कंत्राटदार निघून जातो, रहिवासी राहतात. त्यामुळे जागा आणि जाती ठरवतानाच त्यांना बसवावे, झाडे लावून झाल्यावर नव्हे. वाकोला ज्यात येते त्या पालिकेच्या एच पूर्व विभागाने दर पावसाळ्यानंतर जिवंत झाडांची मोजणी रहिवाशांसमोर करून जाहीर करावी, आणि घनवनातले एकही रोप वृक्षतोडीच्या भरपाईत धरू नये.