अजून दोनच झोन

“पॉज कर आणि आधी जेवून घे,” असं रोज रात्री ज्या घरात ऐकू येतं, त्या घरात एक तरी बीजीएमआय, म्हणजे पूर्वीचा पबजी, खेळणारा असतोच. बोलणारीला ठाऊक नसतं की हा गेम पॉज होत नाही. शंभर जण एकाच बेटावर उतरलेले असताना कोण कुणासाठी थांबणार? बेळगावला दादाकडे गेले की हा संवाद मी कायम ऐकते. वहिनी म्हणते, “थांबव.” भाचा म्हणतो, “थांबत नाही.” दोघंही खरं बोलत असतात आणि ताट गार होत असतं.

व्हिडिओ गेमबद्दलची माझी मतं या एका शब्दाभोवतीच फिरतात: थांबणं. ग्राफिक्स किती झकास, गोष्ट किती दमदार, बंदुका किती, हे सगळं नंतर. गेम मला थांबू देतो का, आणि थांबल्यावर तिथे बघण्यासारखं काही असतं का, हे मी आधी बघते. या कसोटीवर काही गाजलेले गेम माझ्या लेखी गडगडतात आणि घराघरांत शिव्या खाणारे एखाद-दुसरे चक्क वर येतात.

माझ्या पिढीची सुरुवात झाली ‘जीटीए व्हाइस सिटी’पासून. 2002 सालचा गेम, मायामीसारखं दिसणारं शहर, काळ 1986. टिळकवाडीतल्या सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून आम्ही तो खेळायचो. मिशन पूर्ण करण्यात कुणालाही रस नव्हता. वहीच्या मागच्या पानावर चीट कोड लिहिलेले असायचे. कीबोर्डवर ‘पँझर’ टाइप केलं की आभाळातून पडल्यासारखा रणगाडा समोर हजर, आणि मग दादा अख्खं शहर चिरडत सुटायचा. माझी पाळी आली की मी एखादी गाडी घ्यायची, रेडिओ लावायचा आणि समुद्राकाठच्या रस्त्यावरून सिग्नल पाळत जायचं. “अगं, हा गुंडांचा गेम आहे!” म्हणून दादा चिडायचा. पण त्या गेमला माझ्या सिग्नल पाळण्याचं काही वावडं नव्हतं. बायका दाखवण्याची त्याची रीत आज बघवत नाही, आणि त्याचा विनोदही बराचसा शिळा झालाय. तरी त्या शहरात उगाच हिंडायची मुभा होती, म्हणून तो अजून आठवतो.

पुढे नोकरीसाठी बेंगळुरूत आले तेव्हा कळलं की तसल्या गेममधली शहरं, झाडं, गाड्या घडवणारे हात इथेही आहेत. राजेश राव यांनी नव्वदीच्या दशकात इथे ‘ध्रुव इंटरॅक्टिव्ह’ सुरू केली, तेव्हा आपल्याकडे गेम बनवणं हा धंदा असू शकतो हेच कुणाला पटत नव्हतं. परदेशी गेमसाठी गाड्या, इमारती, पात्रं घडवून देत ही कंपनी वाढली, आणि 2019 मध्ये जीटीए बनवणाऱ्या रॉकस्टारने ती विकत घेतली. रॉकस्टारचा स्वतःचा स्टुडिओ त्याआधीपासून बेंगळुरूत होताच. 2018 च्या ‘रेड डेड रिडेम्पशन 2’वर कंपनीच्या जगभरच्या सगळ्या स्टुडिओंनी मिळून काम केलं, त्यात तोही होता.

तो गेम अनेकांना कंटाळवाणा वाटतो. कपाटाचा खण उघडायला वेळ लागतो, शिकार सोलायला वेळ लागतो, घोड्याला खरारा करावा लागतो. नायक आर्थर मॉर्गन शेकोटीवर कॉफी उकळतो, ती पीत बसतो आणि आपण ते बघत बसतो. माझे ऑफिसातले मित्र म्हणतात, “यात खेळायचं काय?” मला विचाराल तर हाच त्या गेमचा जीव आहे. 1899 सालची, मोडत चाललेली दरोडेखोरांची टोळी. तिच्यातल्या माणसांशी घटकाभर बोलत बसलो नाही, तर शेवटी त्यांचं जे होतं ते आपल्याला लागत नाही. उलट मुख्य मिशनमध्ये हाच गेम हट्टी मास्तर होतो. सांगितलेल्या वाटेवरून जरा बाजूला गेलात की मिशन फेल!

कर्नाटकात राहणाऱ्याने ‘अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी’ खेळायलाच हवा. 2017 चा हा गेम पश्चिम घाटात घडतो. नायिका क्लोई फ्रेझर, तिचे वडील भारतीय. तिला हवाय गणपतीचा दात, आणि शोध चाललाय होयसळांच्या हरवलेल्या नगरांतून. सुरुवातीची थोडी धावपळ संपली की गेम तुमच्या हातात एक जीप देतो आणि मोकळं सोडतो. चिखल, धबधबे, दूरवरचा बुरूज. कुठे आधी जायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. जीप उभी करून धुकं बघत बसलात तरी कुणी हाकलत नाही. अख्ख्या मालिकेतला मला सर्वांत आवडलेला भाग तो हाच. शेवटची ट्रेनवरची मारामारी डोळे दिपवते, पण परत खेळायला मी जीपकडेच जाते.

पण त्यातले होयसळ मला पटत नाहीत. गेममध्ये डोंगर कोरून उभ्या केलेल्या प्रचंड मूर्ती आहेत, मान वर करून बघाव्यात अशा. बेंगळुरूहून सव्वादोनशे किलोमीटरवर बेलूर आहे आणि त्याच्या शेजारी हळेबीडू. तिथे जाऊन बघा. देवगिरीच्या यादवांशी टक्कर घेणाऱ्या या राजांनी बांधलेली देवळं बुटकी आहेत. तारेच्या आकाराच्या जोत्यावर बसलेली, माणसाच्या मापाची. सगळी करामत बारकाव्यात. त्यांचा दगड खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो आणि हवा लागली की हळूहळू कडक होतो, म्हणून कारागिरांना त्यात सोनाराचं काम करता आलं. हळेबीडूच्या भिंतीवर खाली हत्तींची रांग, वर सिंहांची, त्याच्या वर वेलबुट्टी, मग घोडेस्वार. दोन हत्ती शेजारी ठेवून बघावेत तर एकाची सोंड वळलेली, दुसऱ्याची खाली. बेलूरला छताखालच्या मदनिकांपैकी आरशात बघणारी दर्पणसुंदरी नीट दिसावी म्हणून गाइड खालून आरशाने ऊन पाडतो, आणि तेव्हा तिच्या कानातला दागिना उठून दिसतो.

बेलूर, हळेबीडू आणि सोमनाथपूर 2023 मध्ये युनेस्कोच्या यादीत आली. ही देवळं मुळात जवळ जाऊन, एका जागी उभं राहून बघायची आहेत. गेमला ती लांबून, उडी मारता मारता दिसायला हवी होती, म्हणून त्याने ती डोंगराएवढी केली. उडी मारणाऱ्याला सोंडेचं वळण कुठून दिसणार? बनवणाऱ्यांनी अभ्यास केला नाही असं मी म्हणणार नाही. गणपतीचा दात परशुरामाच्या परशूने तुटल्याची कथा त्यांनी नेमकी उचललीय आणि कोडी त्यावरच रचलीत. प्रश्न वेगाचा आहे. धावत्या खेळात होयसळ मावत नाहीत.

पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने 2020 मध्ये काढलेल्या ‘राजी’ने हे गणित थोडं बरं सोडवलं. भाऊ गोलूला असुरांनी पळवलंय, त्याला शोधायला निघालेली ही मुलगी. भिंतीवरच्या चित्रांसमोर थांबलं की पुराणकथा ऐकू येतात. लढाई मात्र त्याच त्या असुरांशी, आणि पुढेपुढे हात दुखायला लागतात. चित्रांसाठी खेळा, असुरांसाठी नको. 2023 चा ‘वेन्बा’ तर लढाईच टाळतो. कॅनडात जाऊन राहिलेलं तमिळ कुटुंब, आणि आईची डाग पडलेली, अक्षरं पुसलेली पाककृतींची वही. पुसलेली पायरी ओळखून आपण इडली करायची. चुकलं तर परत करायची. घड्याळ नाही, गुण नाहीत, कुणी हरत नाही. दीड-दोन तासांत गेम संपतो, आणि संपतो हा मी त्याचा मोठा गुण समजते.

आता उलट टोक बघा. 2009 मध्ये फेसबुकवर ‘फार्मविल’ आलं आणि त्याच्या मालकांनी, झिंगा कंपनीने, पुढच्याच वर्षी बेंगळुरूत ऑफिस उघडलं. दिसायला केवढा सोज्वळ खेळ! नांगरा, पेरा, कापा. पण स्ट्रॉबेरी चार तासांत तयार व्हायची आणि वेळेवर काढली नाही तर वाळून जायची. मग मीटिंगमधून उठून शेत बघायला जाणारे लोक मी डोळ्यांनी पाहिलेत. ‘कँडी क्रश’ची युक्ती त्याच्या उलट. पाच जीव संपले की गेमच तुम्हाला थांबवतो, नवा जीव अर्ध्या तासाने मिळणार. घाई असेल तर पैसे भरा. हजारो लेव्हल, आणि नव्या येतच असतात, त्यामुळे जिंकून मोकळं होण्याची सोय नाही. यात एक थेंब रक्त नाही, बंदूक नाही, म्हणून घरात कुणी रागवतही नाही. पण कधी थांबायचं ते इथे खेळणारा ठरवत नाही.

पैसे लावून खेळायच्या रमीपर्यंत हीच वाट जाते. कर्नाटकाने 2021 मध्ये त्यावर कायदा करून बंदी घातली, उच्च न्यायालयाने ती फेब्रुवारी 2022 मध्ये रद्द केली, आणि शेवटी ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राच्या कायद्यानेच देशभर पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले. या शहरात त्यावर पोट भरणारे पुष्कळ होते, त्यांच्या नोकऱ्यांचं मला वाईट वाटतं. त्या खेळांचं नाही.

म्हणून बीजीएमआयबद्दल माझं मत वहिनीला आवडणार नाही. पबजीवर सप्टेंबर 2020 मध्ये बंदी आली, जुलै 2021 मध्ये तो बीजीएमआय होऊन परतला, 2022 मध्ये पुन्हा गायब झाला आणि 2023 मध्ये पुन्हा आला. त्याच्याइतक्या शिव्या कुठल्याच गेमने खाल्ल्या नसतील. तरीही त्याची मॅच अर्ध्या तासात संपते. निळं वर्तुळ आवळत जातं, खेळणारे त्याला झोन म्हणतात, आणि शेवटी उभं राहायला जागाच उरत नाही. मध्येच फोन ठेवला तर टीममधले तिघं उघडे पडतात. “पोचिंकीत उतरूया”, “मला रिव्हाइव्ह दे”, “तू मागून कव्हर कर” असं ओरडणाऱ्या चौघांमध्ये जी दोस्ती असते, ती कँडी क्रशमध्ये कुठून येणार? कबड्डीच्या चढाईतही “जेवून येतो” म्हणता येत नाही. तेव्हा वहिनीने “पॉज कर” म्हणण्याऐवजी “किती झोन राहिले?” असं विचारावं. भाचा “अजून दोनच” म्हणाला, तर पोळ्या दहा मिनिटांनी वाढाव्यात, आणि त्यानेही त्यानंतर दुसरी मॅच लावू नये.

बीजीएमआयला माझा आक्षेप मॅच संपल्यावरच्या भानगडींवर आहे: रोयाल पास, रोजची मिशनं, आज लॉगिन केलं नाही तर बुडणारं बक्षीस, नव्या कपड्यांच्या पेट्या. शेवटचा झोन संपला तरी यातलं काहीच संपत नाही. स्ट्रॉबेरीचं शेत तिथे पुन्हा उगवलेलं असतं.

मुलाला कुठला गेम द्यावा, असं ओळखीचे लोक विचारतात तेव्हा मी नावं सांगत नाही. गेम टाका, चार दिवस त्याच्याकडे बघू नका आणि मग फोनवरच्या नोटिफिकेशन मोजा. ‘व्हाइस सिटी’ने मला परत ये म्हणून कधी मेसेज पाठवला नाही, मीच गेले. ज्या गेमचे चार दिवसांत दहा निरोप आले असतील, त्याच्या नोटिफिकेशन आधी बंद करा, आणि तरीही तो खेळावासा वाटला तर खुशाल खेळा.