पासवर्ड बरोबर, दार बंद
  कुठल्याही विद्यापीठात ऐन प्रवेशाच्या गर्दीत डेटाबेस कुणालाच आत घेईना झाला, की पहिला संशय पासवर्डवर. पण ओरॅकल डेटाबेसनं ‘ओआरए-00257’ ही त्रुटी दाखवली, तर पासवर्ड बदलत बसू नका. बदलांच्या नोंदी साठवणाऱ्या आर्काइव्ह लॉगची जागा बहुधा भरलेली असते. नोंदीला जागा नाही म्हटल्यावर ओरॅकल फक्त ‘सिसडीबीए’ला, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या प्रशासकाला, आत सोडतं. लॉगच्या फायली हातानं उडवल्या तर डिस्क रिकामी होते, पण त्या जिथे साठतात त्या रिकव्हरी एरियाच्या हिशेबात त्या तशाच राहतात. म्हणून ओरॅकलच्या ‘आरमॅन’ या बॅकअप साधनानं आधी बॅकअप, मग डिलीट. आणि जागा 80 टक्के भरली की लगेच मिळेल असा इशारा लावा. शंभरावर सगळेच जागे होतात.