फी वाढली? कुणी सांगितलंच नाही!

नववी-दहावीतल्या पोरांची बित्तंबातमी आता आईबाबांच्या मोबाइलवर असते. युनिट टेस्ट, गॅदरिंगचा ड्रेस, व्हॅन लेट... ग्रुपवर दिवसभर टिंगटिंग सुरूच. आपल्या वेळी डायरीत लाल शेरा यायचा आणि त्यावर सही घ्यायला बाबांचा मूड बघावा लागायचा!

तरीही फी वाढली की सगळे थक्क.

बॉस, ती विचारायची जागा कायद्यातच आहे. महाराष्ट्राच्या 2011 च्या शुल्क नियमन कायद्यानुसार खासगी शाळेत सत्र सुरू झाल्यापासून 30 दिवसांत पालक-शिक्षक संघ स्थापन व्हायलाच हवा. विदर्भात शाळा उघडतात जूनच्या शेवटी, म्हणजे आपली मुदत जुलैअखेर. प्रत्येक पालक या संघाचा सदस्य. कार्यकारी समितीत दर इयत्तेचा एक पालक, तोही इच्छुकांमधून चिठ्ठी टाकून. फीचा प्रस्ताव याच समितीपुढे येतो, पुढचं सत्र सुरू व्हायच्या किमान 6 महिने आधी. समितीची यादी नोटीस बोर्डावर लावणंही बंधनकारक. वाचलीय कधी?

चिठ्ठी टाकायला आधी नावं तर हवीत ना! 'मीटिंग आहे यार' म्हणून आपण सटकतो. अर्थात, मिहानमध्ये शिफ्ट करणाऱ्याला सकाळी अकराची पालकसभा जमणार तरी कशी? शनिवारी संध्याकाळी ठेवा की. आणि फीचा अजेंडा ग्रुपवर टाकायला कितीसा वेळ लागतो? 'उद्या पिवळा टी-शर्ट' हा मेसेज तर तीनदा येतो.