भट्टीची ज्योत व शेजारचें शेत

जालन्याच्या सळ्यांच्या कारखान्यांचें आम्हांस वावडें नाहीं. आमच्या विहिरी त्याच सळ्यांनीं बांधल्या आहेत. परंतु सळई लाटण्यापूर्वीं लोखंड तापविणाऱ्या भट्टींत इंधन अर्धवट जळलें, तर काजळी शेजारच्या पिकावर बसते. वायूच्या भट्टीपुरता यास उपाय आहे. हवा तिरप्या पात्यांतून सोडली कीं तिची वावटळ होते. वावटळीच्या पोटांत दाब कमी, म्हणून जळालेला तप्त वायु मागें ओढला जाऊन ज्योतीच्या बुडाशीं येतो व नव्या इंधनास पेटवितो. ज्योत आखूड व स्थिर राहते. नैसर्गिक वायूच्या एका मापास हवेचीं सुमारें १० मापें लागतात. तीं नुसतीं पुरवून भागत नाहीं, मिसळावीं लागतात. मात्र फिरकी अति झाली तर ज्योत फांकून भिंतीस चाटते, म्हणून पात्यांचा कोन भट्टी पाहूनच ठरवावा.

वांचलेलें इंधन कारखानदाराच्याच पदरीं पडतें. मग खर्चाची कुरकुर कां? आम्हीं नोकरींत असतां बिनशेतीचे कागद पुष्कळ हाताळले. त्यांत चतुःसीमा असे, ज्योतीची चौकशी कधीं आढळली नाहीं. आपल्या शिवारांत नवी भट्टी येत असेल, तर शेतकऱ्यांनीं ती ग्रामसभेंतच करावी.