तीस सेकंदांचा नियम कुठे लिहिला आहे?

गॅदरिंगचे चित्रण इंटरनेटवर टाकण्याची आपल्याकडे आता रीतच झाली आहे. पुण्या-मुंबईला आणि परदेशात गेलेले माजी विद्यार्थी ते हौसेने पाहतात. यंदा मात्र एका नाचाचा आवाजच बंद झाला; गाण्याच्या मालकाचा दावा आला होता. लगेच दोन मते पडली. मुले म्हणाली, "सर, तीस सेकंदांपर्यंत चालतं!" काही पालक म्हणाले, यापुढे सिनेमाचे नावच नको.

आम्हाला दोन्ही पटत नाही.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात तीस सेकंदांचा आकडा कुठेच नाही. खाली "सौजन्य" लिहिले म्हणजे परवानगी मिळाली, असेही नाही. कलम ५२ पाहते ते तुकडा कशासाठी घेतला हे: परीक्षण, टीका, खासगी अभ्यास, चालू घडामोडींची बातमी. केरळ उच्च न्यायालयाने १९९६ साली एका नाटकाच्या खटल्यात तीन गोष्टी तपासल्या. किती घेतले, कशासाठी घेतले, आणि त्यामुळे मूळ कृतीशी स्पर्धा होईल का?

याच कलमात शाळांनाही सवलत आहे. शाळेच्या कार्यक्रमात शिक्षक, मुले, पालक आणि संस्थेशी संबंधित मंडळी एवढेच प्रेक्षक असतील, तर सिनेमाही दाखवता येतो. (पहिल्या रांगेतले विश्वस्तही त्यात आले!) पण चित्रण जगाला खुले केले की प्रेक्षक बदलले. सभागृहात चाललेला नाच इंटरनेटवर अडला तो म्हणूनच.

जुना सिनेमा म्हणजे सगळा मोकळा, हाही गैरसमज. बेळगावच्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवून गेलेल्या पु. ल. देशपांडे यांचा 'गुळाचा गणपती' घ्या. कथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन, नायक, सगळे पु. ल.! चित्रपट १९५३ चा. चित्रपटाचा हक्क ६० वर्षांचा, तो २०१३ अखेर संपला. पण लेखन आणि संगीत यांची मुदत वेगळी, कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे, आणि पु. ल. गेले २००० साली.

तरीही नववीच्या मुलांनी त्यातला एखादा प्रसंग मध्ये मध्ये थांबवून, इथे हसू का येते हे स्वतःच्या शब्दांत सांगितले, तर ते परीक्षण झाले. ते जगाला दाखवायला शाळेने कचरू नये. दावा लावणारे यंत्र आवाज आणि चित्र जुळवते, हेतू त्याला कळत नाही. अशा वेळी मुलांना गप्प बसवण्याऐवजी आक्षेप नोंदवावा, आणि तो मजकूर शिक्षकांनी लिहून द्यावा.

नाचाचे तसे नाही. तिथे अख्खे गाणे वाजते, त्यावर आपले भाष्य काहीच नसते. सिनेमाच्या गाण्यांवरचे नाच सभागृहात खुशाल व्हावेत, पण चित्रण टाकताना ते वगळावेत. बाहेरगावच्या मंडळींसाठी पुढच्या वर्षी झिम्मा-फुगडीची पारंपरिक गाणी आपल्याच मुलींनी म्हणावीत. पेटी शाळेत आहेच, भाता तेवढा दुरुस्त करून घ्यावा लागेल.