फाइल समोर आहे, तरी फोन म्हणतो ‘फाइल नाही’: स्क्रिप्ट नेमकं चालवतं कोण?

गेल्या महिन्यात रात्री साडेनऊला चुलतभावाचा फोन आला. बीसीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे, लॅपटॉप नाही, सगळा अभ्यास फोनवर. "दादा, फाइल समोर दिसतेय आणि फोन म्हणतो अशी फाइलच नाही. बाराच्या आत असाइनमेंट अपलोड करायचीय."

प्रकार असा होता. कॉलेजच्या लॅबमध्ये विंडोजच्या कॉम्प्युटरवर त्याने पायथॉनची एक छोटी स्क्रिप्ट लिहिली, व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवली आणि घरी येऊन टर्मक्समध्ये चालवायला घेतली. (टर्मक्स म्हणजे अँड्रॉइडवर लिनक्सची कमांड लाइन देणारं ॲप.) फाइल डाउनलोड फोल्डरमध्ये होती तेव्हा उत्तर आलं ‘परमिशन डिनाइड’. परवानगी देणारी सीएचमॉड कमांड टाकून पाहिली, फरक शून्य. मग कुणीतरी सांगितलं म्हणून फाइल टर्मक्सच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये आणली, परवानगी दिली. आता एरर बदलला: ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. शेवटी मी म्हटलं, नुसतं फाइलचं नाव टाकू नकोस. आधी ‘पायथॉन३’ लिही, मग फाइलचं नाव. पहिल्याच झटक्यात चालली.

एकच फाइल, एकच फोन, तीन वेगळी उत्तरं. तो असाइनमेंटच्या मागे लागला, पण मला यातच जास्त रस होता. कारण ज्या फटीतून त्याची स्क्रिप्ट चालली, तिच्याभोवती गेल्या दोन वर्षांतल्या बऱ्याच मोठ्या टेक बातम्या फिरतायत.

मुळात स्क्रिप्ट स्वतः कधीच चालत नसते. तो साधा मजकूर असतो, तुमच्या नोट्ससारखा. प्रोसेसरला तो कळत नाही. मध्ये एक दुभाषा लागतो, ज्याला इंटरप्रिटर म्हणतात: पायथॉनसाठी पायथॉन, शेल स्क्रिप्टसाठी बॅश. मग तुम्ही फाइलचं नुसतं नाव टाकून एंटर दाबता तेव्हा सिस्टिमला कळतं कसं, की हिच्यासाठी कुठला दुभाषा बोलवायचा?

लिनक्समध्ये (अँड्रॉइडच्या पोटातही लिनक्सचाच कर्नल आहे) याचं उत्तर फाइलच्या पहिल्या ओळीत असतं. कर्नल फाइलची सुरुवात वाचतो. आज पहिले २५६ बाइट, २०१९ पर्यंत १२८ होते. त्यातली पहिली दोन चिन्हं # आणि ! असली, तर पुढे लिहिलेला पत्ता म्हणजे दुभाष्याचा पत्ता. कर्नल तो प्रोग्रॅम सुरू करतो आणि तुमच्या फाइलचं नाव त्याच्या हातात ठेवतो. बस, एवढंच. या जोडीला शेबँग म्हणतात. बेल लॅब्जमधले डेनिस रिची, म्हणजे सी भाषेचे जनक, यांनी जानेवारी १९८० मध्ये युनिक्समध्ये ही सोय केल्याचं कळवलं होतं. पंचेचाळीस वर्षं उलटली तरी ती जवळपास जशीच्या तशी आहे. बॅश आणि पायथॉनमध्ये # ने सुरू होणारी ओळ कॉमेंट असते, म्हणून दुभाषा स्वतः ती ओळ सोडून देतो. जावास्क्रिप्टमध्ये # म्हणजे कॉमेंट नाही, त्यामुळे त्या भाषेला २०२३ च्या प्रमाणात या एका ओळीसाठी खास नियम घालावा लागला.

भावाच्या फाइलची पहिली ओळ अशी होती (इथे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं):

#!/यूएसआर/बिन/एन्व्ह पायथॉन३

यातलं ‘एन्व्ह’ म्हणजे पत्ता शोधून देणारा मध्यस्थ. पायथॉन प्रत्येक मशीनवर एकाच जागी असेल याची खात्री नसते. मार्च २०२२ मध्ये मॅकओएस १२.३ मधून ॲपलने जुनं पायथॉन २ काढून टाकलं, तेव्हा त्याचा थेट पत्ता लिहिलेल्या स्क्रिप्ट एका अपडेटमध्ये बंद पडल्या. म्हणून थेट पत्ता न देता ‘एन्व्ह, तू शोध’ असं सांगायची पद्धत आहे. अँड्रॉइडवर तर यूएसआर-बिन नावाचा फोल्डरच नसतो. टर्मक्स हा पत्ता गुपचूप आपल्या फोल्डरकडे वळवून घेतो, म्हणून काम भागतं.

मग अडलं कुठे? ओळीच्या शेवटी. विंडोजचे एडिटर ओळ संपवताना बऱ्याचदा दोन अदृश्य चिन्हं टाकतात, लिनक्सला एकच अपेक्षित असतं. त्यामुळे एन्व्ह ‘पायथॉन३’ शोधतच नव्हता. तो ‘पायथॉन३ आणि त्याला चिकटलेलं एक अदृश्य चिन्ह’ अशा नावाचा प्रोग्रॅम शोधत होता. तसा प्रोग्रॅम जगात कुठे नाही. ‘फाइल नाही’ हे उत्तर खरंच होतं, फक्त ते दुभाष्याबद्दल होतं, स्क्रिप्टबद्दल नव्हतं. माझ्या मते कमांड लाइनवरचा हा सगळ्यात दिशाभूल करणारा एरर आहे. नवशिक्या पोरांचे तासन्‌तास यात जातात.

मराठीत मजकूर लिहिणाऱ्यांसाठी याच जातीचा आणखी एक खड्डा आहे. जुन्या नोटपॅडमध्ये देवनागरी असलेली फाइल यूटीएफ-८ म्हणून सेव्ह केली की तो सुरुवातीला तीन अदृश्य बाइट चिकटवायचा. मग फाइलची पहिली दोन चिन्हं #! राहतच नाहीत, आणि कर्नलला शेबँग दिसतच नाही. २०१९ च्या विंडोज अपडेटपासून नोटपॅडने ही सवय सोडली, पण लॅबमधली जुनी मशीन कुठल्या सालात अडकलीयत हे ज्याचं त्याला माहीत.

आता मुख्य मुद्दा. नुसतं फाइलचं नाव टाकलं तेव्हा भाऊ कर्नलला म्हणत होता, "ही फाइल चालव." कर्नलने दोन गोष्टी तपासल्या. या जागेवरून काही चालवायला परवानगी आहे का? डाउनलोड फोल्डरसारख्या सामायिक स्टोरेजवर नाही, तिथे सीएचमॉडचाही उपयोग नाही. म्हणून पहिलं ‘परमिशन डिनाइड’. आणि दुभाषा सापडतो का? म्हणून दुसरा एरर. पण ‘पायथॉन३’ आधी लिहिल्यावर कर्नलच्या दृष्टीने चालतंय ते पायथॉन. त्याला परवानगी आहेच. तुमची फाइल पायथॉन फक्त वाचतो, आणि वाचण्याला चालवणं म्हणत नाहीत. पहिल्या ओळीकडे कर्नल बघतही नाही, पायथॉन ती कॉमेंट म्हणून सोडतो. म्हणजे ही युक्ती डाउनलोड फोल्डरमध्येही चालली असती. पुढच्या दाराला कुलूप, मागचं दार सताड उघडं.

भावासाठी ही सोय होती. इतरांसाठी ती काय असते, ते बघा.

एप्रिल २०२५ मध्ये विंडोजवरच्या व्हॉट्सॲपमधली एक त्रुटी जाहीर झाली. २.२४५०.६ च्या आधीच्या आवृत्त्यांमध्ये आलेली फाइल कुठल्या प्रकारची आहे हे दाखवताना ॲप एक माहिती वापरायचं आणि ती कशाने उघडायची हे ठरवताना दुसरी. दाखवताना फाइलसोबत आलेलं प्रकाराचं लेबल, उघडताना नावाचं शेपूट. दोन्ही मुद्दाम वेगवेगळी ठेवली, तर समोरच्याला फोटो दिसणार आणि क्लिक केल्यावर कोड चालू शकणार. त्याआधी जुलै २०२४ मध्ये असंही समोर आलं होतं, की हेच ॲप धोकादायक मानल्या गेलेल्या बऱ्याच प्रकारच्या फाइल थेट उघडू देत नव्हतं, पण पायथॉनची फाइल मात्र इशारा न देता उघडायचं. अट एकच: त्या लॅपटॉपवर पायथॉन इन्स्टॉल असायला हवं. म्हणजे नेमके प्रोग्रॅमिंग शिकणारे विद्यार्थी.

विंडोजची पद्धत इथे वेगळी पडते. दुभाषा कोण, हे तिथे फाइलच्या नावाचं शेपूट ठरवतं. लिनक्समध्ये दुभाषा फाइलच्या आत लिहिलेला असतो आणि चालवायची परवानगी मात्र मालकाने वेगळी द्यायची असते. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फाइलला ती परवानगी आपोआप मिळत नाही. मला ही विभागणी जास्त शहाणपणाची वाटते. पण ती फक्त पुढच्या दारापुरती.

मागच्या दारातून येणारा प्रकार म्हणजे क्लिकफिक्स. २०२४ पासून तो बोकाळलाय. वेबसाइटवर ‘तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करा’ असा चौकोन येतो. क्लिक केलं की पायऱ्या दिसतात: विंडोज आणि आर दाबा, मग कंट्रोल-व्ही, मग एंटर. दरम्यान पानाने तुमच्या क्लिपबोर्डवर गुपचूप एक कमांड टाकलेली असते. तुम्ही ती स्वतःच्या हाताने पॉवरशेलसारख्या दुभाष्याला वाचायला देता. मॅकवाल्यांना हेच टर्मिनलमध्ये पेस्ट करायला सांगतात. इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइलवर विंडोज ‘ही बाहेरून आलीय’ अशी खूण ठेवतो आणि उघडताना अडवतो. इथे फाइलच नाही, मग खूण कशावर ठेवणार? पॉवरशेल तर मायक्रोसॉफ्टचंच, सही-शिक्क्याचं. चालतंय ते पॉवरशेल, तुमचा मजकूर नुसता वाचला जातोय. भावाला मी जी युक्ती सांगितली, तीच ही.

ही फट माहीत नव्हती असं नाही. मिकाएल सालाऊन या लिनक्स डेव्हलपरने २०१८ मध्ये तिच्यावर उपाय सुचवला. कल्पना फ्रान्सच्या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या क्लिप ओएस या लिनक्समधून आलेली. बरीच वर्षं चर्चा, फेरलेखन, नकार असं चालू राहिलं आणि अखेर मार्च २०२५ मध्ये आलेल्या लिनक्स ६.१४ मध्ये ती बसली. आता दुभाषा फाइल वाचण्याआधी कर्नलला विचारू शकतो: "ही फाइल थेट चालवली असती, तर तू परवानगी दिली असतीस का?" सोबत दोन स्विच आहेत. एक दुभाष्याला सांगतो की परवानगी नसलेली फाइल चालवू नकोस. दुसरा सांगतो की टाइप किंवा पेस्ट केलेला मजकूरही चालवू नकोस.

यातला ‘विचारू शकतो’ हा शब्द महत्त्वाचा. कर्नल जबरदस्ती करत नाही, कारण करूच शकत नाही. वाचलेल्या मजकुराचं दुभाषा काय करतो, हे त्याला बाहेरून कळत नाही. पायथॉन, बॅश, पर्ल, प्रत्येकाने आपापल्या कोडमध्ये हा प्रश्न विचारायला हवा आणि सिस्टिम चालवणाऱ्याने स्विच लावायला हवेत. मला वाटतं हे आधी सर्व्हर आणि मोठ्या कंपन्यांच्या मशीनवर दिसेल. सामान्य लॅपटॉपवर दुसरा स्विच लावला तर निम्म्या इन्स्टॉल गाइड बंद पडतील, कारण ‘ही ओळ कॉपी करून टर्मिनलमध्ये पेस्ट करा’ हीच आमच्या क्षेत्राने लावलेली सवय आहे. क्लिकफिक्सवाल्यांनी नवीन काही शिकवलं नाही, आयती सवय वापरली.

फोनवर गूगलने वेगळी वाट धरली. अँड्रॉइड १० पासून नियम आहे की त्या किंवा पुढच्या आवृत्तीसाठी बनवलेलं ॲप स्वतःच्या फोल्डरमध्ये उतरवलेली फाइल थेट चालवू शकत नाही. कारण रास्त आहे: प्ले स्टोअरच्या तपासणीत गोड दिसणाऱ्या ॲपने नंतर बाहेरून कोड आणून चालवू नये. पण टर्मक्सचं सगळं कामच ते. म्हणून त्याचे प्ले स्टोअरवरचे अपडेट कित्येक वर्षं थांबले. बहुतेक जण ते एफ-ड्रॉइडवरून घेतात, जिथली आवृत्ती मुद्दाम जुन्या अँड्रॉइडसाठी बनवल्याचं सांगते आणि नियमातून सुटते. ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलने जाहीर केलं की प्ले स्टोअरबाहेरच्या डेव्हलपरनाही ओळख पडताळून घ्यावी लागेल, सुरुवात सप्टेंबर २०२६ मध्ये ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडपासून. एफ-ड्रॉइडने याला उघड विरोध केलाय.

गूगलचं स्वतःचं उत्तर मार्च २०२५ मध्ये पिक्सेल फोनवर आलं: लिनक्स टर्मिनल. फोनच्या आत एक आभासी कॉम्प्युटर, त्यात अख्खं डेबियन. त्यात यूएसआर-बिन आहे, एन्व्ह आहे, शेबँग जसं असायला हवं तसं चालतं, आणि आत काही बिघडलं तरी कुंपणाच्या आत. तांत्रिकदृष्ट्या मला हा तोडगा टर्मक्सपेक्षा स्वच्छ वाटतो. पण कुंपणासाठी फोनमध्ये आभासी मशीनची सोय लागते, रॅम आणि स्टोरेज लागतं. ज्याच्याकडे लॅपटॉप नाही म्हणून तो फोनवर पायथॉन शिकतोय, त्याच्याकडे पिक्सेल असण्याची शक्यता किती?

भावाच्या फाइलचं म्हणाल, तर ओळींच्या शेवटची अदृश्य चिन्हं काढायला आम्हाला दोन मिनिटं लागली. त्यानंतर नुसतं नाव टाकूनही ती चालली. अकरा वाजून वीस मिनिटांनी अपलोड झाली. दुसऱ्या दिवशी त्याने कळवलं की सरांनी लॅबमध्ये ती ‘पायथॉन’ आधी टाइप करूनच तपासली. पहिली ओळ कुणी वाचलीच नाही.